पायी येणाऱ्यांचे फाटक

मित्रांनो, फाटक म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे दोन मोठी दारे, त्यांवर कंपनीचे नाव आणि शेजारी मिशाळ पहारेकरी येत असेल. तसला थाट माझ्या नशिबी नाही. मी एक जुने, फिरते फाटक आहे. मधोमध खांब, त्याला चार आडवे लोखंडी हात आणि दोन्ही अंगांना कठडा. माणसाने हात ढकलायचा, फिरायचे आणि पलीकडे निघायचे. म्हैस मात्र अडते. मोटारीला तर मी दारातही उभे करत नाही.

पिंपरीला कारखाना आला आणि कामगारांसाठी वसाहत बांधायचे ठरले, तेव्हा आखणीचे काम यशवंतराव नावाच्या इंजिनियरकडे होते. हा माणूस छत्री घेऊन माळभर पायी हिंडला. शाळा, बाजार, दवाखाना हे सगळे लेकुरवाळ्या बाईला चालत गाठता आले पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. त्याने लॉऱ्यांचा रस्ता वसाहतीच्या बाहेरून नेला आणि घरांच्या ओळींमधून पायवाट काढून दोन्ही बाजूंना कडुनिंब लावले. ही वाट एका जुन्या बांधावरून जात होती. तो बांध गावातल्या पुतळाबाईंचा. शेत कारखान्यात गेले होते, पण गावची माणसे अजून त्याच बांधावरून ये-जा करत. त्यांची वाट मोडायची नाही, असे म्हणून यशवंतरावांनी गावाच्या बाजूला, तारेच्या कुंपणात, मला बसवले.

ते माझे सुखाचे दिवस होते. सकाळी दूधवाले, मग शाळेची पोरे, दुपारी बाजाराला निघालेल्या बायका. पुण्याहून वसाहत पाहायला साहेब लोक आले, तेव्हा त्यांतला एक पोक्त गृहस्थ मला धरून उगाचच दोनदा फिरला. मला फार बरे वाटले. खोटे कशाला बोलू, मी जरा चढूनच गेलो होतो.

पुतळाबाई पहिल्यांदा आल्या त्या डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन. नदीकाठी त्यांचा एक तुकडा उरला होता, त्यातली ती वांगी. कोणता हात ढकलावा हे त्यांना उमगेना. मध्येच अडकल्या, आणि मग स्वतःशीच हसत म्हणाल्या, "माझ्याच बांधावर मला म्हातारपणी फुगडी घालाय लावली."

वांगी विकता विकता त्यांची कुसुमताईंशी ओळख झाली. कुसुमताई परभणीकडच्या. नवरा ज्योतीराम कारखान्यात, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. आई लहानपणीच गेलेली, सासू गावी अंथरुणाला खिळलेली. चाळीस घरांच्या वसाहतीत त्या बाईला बोलायला कोणी नव्हते. पाटी रिकामी झाली तरी पुतळाबाई रोज येऊ लागल्या. कुसुमताईंना दिवस गेले आणि बाळंतपण कोण करणार म्हणून त्या रडायला लागल्या, तेव्हा म्हातारीने एवढेच सांगितले होते, "मी हाय की. चालत तर यायचं."

पण यशवंतरावांची बदली झाली. त्यांच्या जागी वसाहतीची देखरेख रंगरावांकडे आली. त्याच सुमारास कुणाच्या तरी मोरीतून तांब्याचा बंब चोरीला गेला. चोर कुठून आला, कुठे गेला, कुणी पाहिले नव्हते. खापर फुटले माझ्यावर. रंगरावांनी माझ्या हातांना साखळी घातली, वरून आडव्या फळ्या ठोकून छातीएवढी भिंत केली, आणि ज्यांना यायचे त्यांनी मोठ्या दाराने यावे असे सांगून टाकले.

मित्रांनो, मोठे दार मुंबई-पुणे रस्त्यावर. गावातून तिथे जायचे म्हणजे लॉऱ्यांच्या कडेकडेने मैलभर वळसा. सायकलवाल्यांना त्याचे काही वाटले नाही. पायी येणारे मात्र हळूहळू यायचेच थांबले. माझ्याभोवती गवत वाढले. दिवस दिवस मला कुणाचा हात लागत नसे. बंद पडलेल्या वस्तूला लोक शिवीही देत नाहीत, हे मला तेव्हा कळले.

त्याच वर्षीच्या थंडीत कुसुमताईंना मुलगा झाला. पुतळाबाईंनी दोन दिवस वळसा घातला. तिसऱ्या दिवशी लॉरीला वाट देताना त्या रस्त्याकडेच्या चारीत पडल्या आणि गुडघ्यांनी पुरता असहकार पुकारला. मग त्या माझ्यापाशी आल्या. फळ्यांना धरून उभ्या राहिल्या आणि आतल्या घरांकडे बघत बसल्या. मी फिरायची पुष्कळ धडपड केली. साखळी नुसती वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई पुन्हा येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुसुमताई स्वतः आल्या. डोक्याला फडके, कानात कापूस, छातीशी बाळ. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो. बायका खिडक्यांतून बघत राहिल्या.

"आत जा पोरी, वारं लागंल," पुतळाबाई रागावल्या.

"लागू द्या. मला याला चोळता येत नाही. मान धरायची कशी तेच कळत नाही. रात्रभर रडतंय," असे म्हणून कुसुमताईंनी बाळ फळ्यांवरून पलीकडे दिले.

पुतळाबाई उन्हात पाय पसरून बसल्या. बाळाला पायांवर घेतले, तेल लावले आणि गुणगुणत चोळू लागल्या. बाळ तिथेच झोपले. कुसुमताई माझ्या आतल्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मग हे रोजचेच झाले. एकदा रंगराव तिथे आले, बराच वेळ पाहत राहिले. साखळी काढा, असे कुसुमताईंनी त्यांना हात जोडून सांगितले. हुकूम वरचा आहे, असे पुटपुटून ते गेले. माणूस वाईट नव्हता, पण साखळीला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

एके सकाळी पुतळाबाई आल्या नाहीत. दुसऱ्याही दिवशी नाहीत. कुसुमताई बाळाला घेऊन ऊन तापेपर्यंत उभ्या राहत आणि परत जात. त्यांची ती पाठ मला बघवत नसे.

आणि मग बांधावरून एक बाई आली. तिला मी ओळखत होतो. ती पुतळाबाईंची सून तानाबाई. डोळे सुजलेले.

"आत्याबाई गेल्या. ताप डोक्यात गेला," ती म्हणाली.

कुसुमताईंनी बाळाला घट्ट धरले. मग त्यांनी विचारले, "काही बोलल्या?"

"पोराचं अंग चोळलं का, हेच इचारत व्हत्या सारखं." तानाबाईने डोळे पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. "द्या हिकडं."

बाळ फळ्यांवरून पलीकडे गेले.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या मोठे होऊन गावे आखतील. रस्ते हवे तेवढे रुंद करा, माझी ना नाही. पण एका दारातून दुसऱ्या दारात पायी जाणाऱ्या माणसाला विसरू नका. तोडलेली वाट नकाशावर नुसती रेघ दिसते. इकडे तिच्या दोन टोकांना माणसे उभी असतात.

माझी साखळी अजून तशीच आहे. माझे काम त्या दोघी आपल्या हातांनी करतात आणि मी मध्ये उभा आहे. ते पोर आता रांगू लागले आहे. ते चालायला लागायच्या आत कुणीतरी ही साखळी काढा.