पत्र्याखालचा ट्रॅक्टर

लातुरात निजामोद्दीन टेलरकडं पँट शिवून घेणारे पुष्कळ होते, पण त्याचा जीव कशात अडकलाय असं विचारलं की सगळी गल्ली त्याच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडं बोट दाखवायची. तिथं एक छोटा लाल ट्रॅक्टर उभा होता. बागेत झाडांच्या ओळींमधून फिरवायचा, एका सिलिंडरचा, कुठल्याशा रोपवाटिकेनं साठ-पासष्टच्या सुमारास घेतलेला. भूकंपानंतर त्यानं ढिगाऱ्याची माती ओढली, मग बिचारा बाभळीखाली गंजत पडला. लिलावात कुणीच बोली लावेना, तेव्हा निजामभाईनं लावली. घरी आणला त्या दिवशी बायको हसीनानं कपाळाला हात लावला.

अहो, नाद असावा माणसाला, पण इतका? जाम झालेला पिस्टन सुटावा म्हणून त्याला महिनाभर रॉकेल पाजलं. इंजिनाच्या जोडातलं गॅस्केट कुठंच मिळेना, तर कॉर्कची शीट आणून कापडाच्या कात्रीनं असा बेतला, जसं काही नवरदेवाची शेरवानीच. सीट शिवली तीही दुहेरी टीप घालून, कडेला पायपिंग लावून. इकडं गिऱ्हाइकं पँटीसाठी खेटे घालून राहिली आणि हा गडी शेडमध्ये प्लग घासत बसलेला.

सगळं झालं, पण चालू कधी करायचा? तिथंच घोडं पेंड खात होतं. लातुरात कोचिंगचा सुकाळ आला. बिलोली, नायगावकडून पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली, आणि हसीनानं त्यांना भाड्यानं द्यायला शेडला लागून खोल्या काढल्या. तेव्हापासून घरात आवाज बंद. मिक्सरसुद्धा पोरं क्लासला गेल्यावरच फिरायचा. बारावी संपली की सीईटी, सीईटी संपली की रिपीटरांची बॅच, तोवर अकरावीची नवी पोरं दारात. परीक्षा नाही असा महिनाच गावात उरला नव्हता.

आता तर हसीनाला शेडच्या जागेवर आणखी खोल्या हव्या होत्या.

"अजी, इतवारी बिलाल भंगारवाला येऊन राहिलाय," ती म्हणाली. "त्याच्या आत तुमचं हे खटारं चालू झालं तर राहील. न्हाई तर त्याच्या गाड्यावर."

"पण चालू करू देशील तवा ना!"

"ते मला नका सांगू. आवाज झालेला चालणार न्हाई."

घ्या! चालू तर करायचा, पण मुक्यानं!

निजामभाईनं आपल्या दोस्ताला, लिंबाजीला बोलावलं. लिंबाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, शिरूर अनंतपाळला पेरूची बाग असलेला, आणि असल्या उद्योगात कायम पुढं. दोघांनी शनिवारची दुपार धरली. पोरांची टेस्ट असते, हसीना बहिणीकडं जाते, घर मोकळं. बेत झकास होता. फक्त टेस्ट पुढं ढकलली होती, पोरं खोल्यांत घोरत पडली होती आणि बहीणच गावाला गेल्यामुळं हसीना घरात कणीक मळत होती. खोल्यांत डोकावून बघायचं दोघांनाही सुचलं नाही.

लिंबाजीनं इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळून हिसका दिला. फुस्स. पुन्हा दिला. फुस्स. निजामभाईनं चोक ओढला, अल्लाचं नाव घेतलं, आणि धाडदिशी आवाज होऊन ट्रॅक्टर धडधडायला लागला!

शेडचे लोखंडी अँगल खोल्यांच्या भिंतीत रोवलेले होते. भिंत थरथरली, खाटा सरकल्या, मांडणीवरची ताटं खळाखळा वाजली. लातुरातल्या माणसाला ताटं वाजली की दुसरं काही सुचत नाही, आणि हसीना तर नव्या पोराला पहिल्याच दिवशी बजावायची, "भांडं वाजलं की पुस्तक टाकायचं आन रस्त्यावर पळायचं. माघारी कुणासाठी फिरायचं न्हाई." पोरं पळाली. एक तर टॉवेलावरच. त्यांना बघून शेजारचं हॉस्टेल पळालं, मग समोरचं, आणि "भूकंप! भूकंप!" करत गल्ली माणसांनी भरून गेली.

शेडमध्ये याचा पत्ताच नव्हता. लिंबाजी नाचत होता. निजामभाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी त्याची कॉलर धरून ओढली. हसीना होती, अनवाणी, कणकेच्या हातांची. ती ओरडत होती, पण इंजिनापुढं काही ऐकू येईना. आवाज झाला म्हणूनच भांडायला आलीय असं त्याला वाटलं.

"चालू झाला बघ! अजून इतवार लागला न्हाई!" तो ओरडला.

ती त्याला दोन्ही हातांनी दाराकडं ओढत होती आणि वर थरथरणाऱ्या पत्र्याकडं बघत होती. मग त्याला तिचा चेहरा नीट दिसला. त्यानं झटकन प्लगची वायर उपटली. शांत झालं, आणि रस्त्यावरचा भूकंपाचा गलका आत आला.

"भूकंप न्हाई गं," तो कसाबसा म्हणाला. "हाच होता."

हसीना ट्रॅक्टरच्या चाकाशी खाली बसली. लिंबाजीला राहवलं नाही. "भाभी, सगळी गल्ली भायेर पळाली, आन तुम्ही आत कशाला आलात?"

"आत हे होते ना," ती म्हणाली.

पोरांना समजावतो म्हणत लिंबाजी बाहेर गेला.

निजामभाई तिच्याजवळ जमिनीवरच टेकला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. "बिलालला आजच बोलाव," तो म्हणाला. "घेऊन जाऊ दे. तुला असं पळवणारी वस्तू मला नको."

"काही नको. चालू झाला तर राहील, म्हणलं होतं मी. राहू द्या. खोल्या वर माडीवर काढू." तिनं पदरानं डोळे पुसले, गालाला कणीक लागली. "पण चालू करायच्या आधी मला हाक मारायची."

"कशाला?"

"मी हितं तुमच्याजवळ उभी राहीन. मग हलू द्या कितीबी."