आजोबांच्या छातीवरून फरशीवर

मी फरशी पुसायचं फडकं बोलतोय. नाक मुरडू नका. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद मोरीच्या कोपऱ्यात कुजत पडलाय. त्याला आधी उन्हात टाकून या, मग माझं ऐका.

जन्माने मी बनियन. सुती, बाह्यांचा, पांढराशुभ्र. खोक्यात आम्ही तिघं भाऊ होतो. एक पहिल्याच धुण्यात रंगीत कपड्यांच्या नादी लागून गुलाबी झाला. दुसरा वाऱ्याबरोबर शेजाऱ्यांच्या गच्चीत गेला, सुटला. मी आजोबांच्या अंगाला चिकटलो.

हे आजोबा म्हणजे कारखान्यातले निवृत्त तपासणीस. जन्मभर दुसऱ्यांच्या कामात चुका काढल्या आणि त्याचा पगार घेतला. पगार थांबला, चुका काढणं थांबलं नाही. छंद एकच, स्वच्छता. म्हणजे दुसऱ्यांनी करायची. सकाळी उठून ते फ्रिजच्या माथ्यावरून बोट फिरवायचे, ते बोट सुनेच्या नाकासमोर धरायचे आणि मग माझ्या पोटाला पुसायचे. त्यामुळे या घरातली धूळ मला आधीपासूनच चांगली परिचयाची. अर्धी तर आजोबांच्याच चपलांनी आणलेली. त्या म्हणे 'घरातल्या' चपला. त्याच घालून ते पेपर आणायला फाटकापर्यंत जायचे आणि त्याच घालून पलंगापर्यंत यायचे.

आता या घरात केर कसा निघायचा ते सांगतो. सून झाडू घेऊन आली की आजोबा खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे. एवढीच त्यांची मदत. डोक्यावर पंखा गरगरत असायचा.

"बाबा, केर निघेपर्यंत पंखा बंद करते हं."

"आणि मी काय घामाने भिजू? झाडू टेकवून मार, उडत नाही."

उडायचंच. पलंगाखालून ओढून आणलेली धूळ पंख्याच्या वाऱ्याने उठायची आणि कपाटावर, टीव्हीवर, सगळ्यांच्या नाकातोंडात जायची. थोड्या वेळाने ती निवांत खाली बसली की आजोबांचं बोट निघायचं. "हे काय? केर काढलाय की फरशीला गुदगुल्या केल्यात?" की पुन्हा झाडू. तीच धूळ, तोच पंखा, तेच वर घेतलेले पाय. कारखान्यात यांनी काय दिवे लावले असतील, देव जाणे.

या घरात ठकी आहे, पहिलीतली नात. तिला दमा. दुपारी ती आजोबांच्या छातीवर, म्हणजे माझ्यावर, गाल टेकून झोपायची. तिच्या श्वासातून बारीक शिट्टी वाजायची. ती मी जितक्या जवळून ऐकली तितकी कुणीच नाही. आजोबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायचे, हळूहळू, तिला जाग येऊ नये असे. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण खुर्चीतून उठून बटण दाबण्याइतकं ते मोठं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. कोरडा झाडू कमी करा. मारायचाच तर पंखा बंद ठेवा आणि पोरीला दुसऱ्या खोलीत पाठवा. फरशी घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा. चपला दाराबाहेर.

"कालची पोर ती!" आजोबा म्हणाले. "आम्ही धुळीत लोळून मोठे झालो. आम्हाला काय झालं?"

काय झालं ते मला विचारा. रोज उठल्यावर हा माणूस खाकरून खाकरून लाल व्हायचा, आणि त्याच्या छातीत काय काय खडखडायचं ते मी बाहेरून झेलायचो.

शेवटी त्यांनी निकाल दिला, "हिला इथली हवा मानवत नाही. मावशीकडे पाठवा. शाळाही तिकडेच घाला."

सून नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही तरी बोला."

"बाबा म्हणतायत तर... थोडे दिवस..."

"थोडे म्हणजे किती?"

"बघू." आणि साहेबांनी मोबाइलमध्ये डोकं खुपसलं.

म्हणजे पोरगी घराबाहेर काढता येत होती. पंखा बंद करता येत नव्हता. रविवारी मावशी न्यायला येणार, हे ठरलंसुद्धा. ठकीची बॅग भरून पलंगावर ठेवली गेली.

त्या आठवड्यात एका सकाळी झाडू चालू होता. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि त्यात धुळीचा लोट दिसत होता. ठकी दारात उभी राहिली.

"आजोबा, बघा ना, किती उडतंय!"

"धूळ नाही ती. ऊन आहे ते."

"मग मला उन्हाचा खोकला येतो?"

आणि तो आलाच. पोरगी चौकटीला धरून वाकली, पंप तोंडाला लावला तरी शिट्टी थांबेना. आईने झाडू फेकला, पंखा बंद केला, ठकीला छातीशी धरून ती बाहेर हवेत बसली. पोरीचा श्वास जागेवर आल्यावर सून उठली आणि तडक दोरीपाशी आली. मी वाळत होतो. तिने माझी शिवण दातात धरली आणि टर्रकन मला उभा फाडला.

"अगं, माझा बनियन!"

"आता फरशीचा आहे. चपला काढा, बाबा. आणि अहो, तुम्ही बादली भरा."

साहेब उठले! बादली घेऊन आले! मी फाटलेलो असूनही थक्क झालो.

तिने मला भिजवून, पिळून, गुडघ्यांवर बसून कोपऱ्यांपासून दारापर्यंत ओढलं. पलंगाखाली केसांचे नि धुळीचे गोळे उंदरांसारखे दडून बसले होते. ओल्या अंगाला ते चिकटले, एकही उडाला नाही. पाणी काळं झालं की साहेब बादली बदलत होते. आजोबा अनवाणी, पेपरने स्वतःला वारा घालत, साऱ्या जगाने छळल्यासारखे बसले होते.

पुढे रोज हेच. आजोबांचं बोटही रोज फिरत होतं, पण कोरं निघत होतं. चष्मा लावून ते पुन्हा बघायचे. इतका हिरमुसलेला माणूस मी पाहिला नाही.

रविवारी मावशी आली. ठकी आतून धावत गेली आणि पडलेला दात, नवी बाई, वर्गातलं भांडण, सगळं एका दमात सांगत सुटली. मध्ये थांबली नाही. आई दाराशी उभी राहून ते ऐकत होती, पदर तोंडाशी धरून.

"बॅग कुठाय हिची?" मावशीने विचारलं.

मग आजोबांनी घसा साफ केला. "राहू दे तिला इथेच. मी म्हणतच होतो, हवा बदलायला हवी. बदलली."

"हो ना, बाबा," सून म्हणाली. "तुम्हीच म्हणत होता."

दमा काही पळून गेला नाही. पंप ठकीच्या उशाशी आहे, पण त्याचं काम कमी झालंय. माझी मात्र चाळणी झालीय. धुऊन वाळत घालतात, तेवढा मान पुरे.

परवा घरात कुणी नसताना आजोबांच्या हातून चहा सांडला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मला खाली टाकलं आणि अंगठ्याने ढकलत ढकलत फरशी पुसली. वाकले नाहीत. तसाच ओला सोडून गेले.

लोकहो, पायाने पुसा, हाताने पुसा, पण पुसा. आणि नंतर मला पिळा.