किड्यानं खाल्लेली ओळ

मित्रांनो, थकलोय मी आता. पलूसकडच्या एका छोट्या गावातल्या वाचनालयाचा मी जुना इंग्रजी शब्दकोश. शब्दाचा अर्थ तर मी सांगतोच, पण तो कुठल्या जुन्या भाषांतून फिरत आला, तेही सांगतो.

मी पुण्याहून आलो तेव्हा मास्तर मंडळी मला चाळायला रांग लावायची. फार कौतुक झालं आणि त्या कौतुकानंच घात केला. एवढा महाग ग्रंथ हाताळून खराब होईल, म्हणून ग्रंथपाल आप्पासोंनी मला काचेच्या कपाटात ठेवलं. मग मी बाहेर निघे तो फक्त दसऱ्याच्या पूजेला. हळद, कुंकू, ओली फुलं, पानांत चिमूटभर अक्षता, की पुन्हा कुलूप. आधी अक्षतांना कीड लागली, मग मला. कुणी उघडलंच नाही, तर कळणार कसं?

१९९६ च्या एका रविवारी साखर कारखान्यातले फिटर महेंद्र आपल्या लेकीला, प्रियदर्शनीला, घेऊन आले. तिला पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. आठवड्यातच तिथल्या मोठ्या बाई भर वर्गात तिला 'सिली' म्हणाल्या, आणि ती रडत घरी आली. सोमवारी परतली नाही, तर नोकरी जाणार होती. महेंद्रना कुणालाही आधी मूळ गाव विचारायची सवय.

"आवं आप्पासो, त्यो ग्रंथ काढा की."

"पूजेचा हाय त्यो."

"असूं दे. पोरीला बोलल्यात त्या शब्दाचं मूळ गाव बघायचंय. मूळ चांगलं निगालं, तर जाईल म्हनती."

आप्पासोंनी कुरकुरत कुलूप काढलं. प्रियदर्शनीनं चिकटलेली पानं हलकेच सोडवली. किती वर्षांनी मला कुणी काम सांगत होतं! माझा ऊर भरून आला.

तिनं बोट ठेवून अर्थ सांगितला, "आज, मूर्ख. त्याच्या आदी, दुबळा. त्याच्या आदी, कीव येन्यासारखा."

"आन् म्होरं?"

"म्होरं किड्यानं खाल्लंय, आबा. मुळातच असला हाय शब्द. मी न्हाई जात."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण ग्रंथाला तोंड नसतं. आप्पासोंनी मला फडक्यानं पुसून पुन्हा आत ठेवलं. सोमवारची एसटी तिला न घेताच गेली, हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं.

मित्रांनो, आम्हां पुस्तकांना पुजू नका, उघडत जा. खाल्लेली ती ओळ मला अजून पाठ आहे. कीव येण्यासारखा, त्याच्या आधी निष्पाप. आणि अगदी मुळाशी, जुन्या इंग्रजीत आणि तिच्याही आधीच्या जर्मन कुळातल्या बोलीत, धन्य.