खालची तोटी

"ताई, खालची तोटी काढू नका. बायकांच्या संडासात बादली-टमरेल लागतंयच. मागनं म्हणाल, धोंडप्पानं सांगितलं न्हाय."

प्लंबर धोंडप्पा हे बोलला तेव्हा चंद्रिका नकाशावर लाल पेनानं फुल्या मारत होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या नव्या कारखान्याला हरित इमारतीचं प्रमाणपत्र मिळवून द्यायचं, हे तिचं काम. कोणता नळ मिनिटाला किती लिटर सोडतो, फ्लश एका वेळी किती ओततो, याचे कागद जमवायचे, फोटो जोडायचे आणि साध्या नळांपेक्षा किती पाणी वाचलं ते टक्क्यांत मांडायचं. तीसच्या वर गेलं तर गुण. बादली भरायची ती मेली तोटी मिनिटाला बारा लिटर सांडायची आणि सगळं गणित सत्तावीसवर अडकायचं. तोटी उडवली की चौतीस.

"धुवायला जेट लावतोय की आपण. टमरेलाचे दिवस गेले आता," चंद्रिका हसली.

"तुमी शिकलेल्या, ताई. पर बोरचं पाणी शिकल्यालं न्हाय," असं म्हणून धोंडप्पानं पाना उचलला.

तेव्हा तिला सातवा महिना होता. एप्रिलात बाळंतपणाची रजा संपवून ती मीटरचे आकडे घ्यायला आली, तेव्हा लेक संस्कृती आठ महिन्यांची झाली होती आणि घरी सासूबाईंजवळ होती. चंद्रिकाचा दर तासाला फोन. दूध प्यायली का? शू झाली का? किती वेळा?

"अगं, वहीत मांडून ठेवू का?" सासूबाई वैतागायच्या.

बायकांच्या संडासाला वेगळं मीटर होतं. शिलाई विभागात चाळीस बायका. प्रमाणपत्राच्या तक्त्याचा नियम असा, की एक बाई दिवसातून तीनदा जाते, दर खेपेला पाच लिटर लागतात, असं धरायचं. त्या हिशेबानं रोज सहाशे लिटर पाणी लागायला हवं. मीटर महिनाभर रोजचे दोनशेच दाखवत होतं.

"म्याडम, पेढे आणू का?" व्यवस्थापक महेश्वर खूश झाला. "कागदावर चौतीस, आन खऱ्यात दुपटीच्या वर!"

चंद्रिकाला मात्र ते पटेना. मीटर अडकलं असणार. तिनं धोंडप्पाला बोलावलं. त्यानं मापाची बादली भरली, ओतली, परत भरली. काटा थेंबाथेंबाला बरोबर.

"मीटर खोटं बोलत न्हाय, ताई."

तेवढ्यात सासूबाईंचाच फोन आला. "सकाळपासनं दोनदाच झाली गं. ऊन लई हाय. पाणी पाजतेय, तू काळजी करू नको."

फोन ठेवता ठेवता चंद्रिका थबकली. सहाशे म्हणजे तीनदा. दोनशे म्हणजे एकदा. आठ तासांत एकदा, तेही एप्रिलात, सोलापुरात.

ती संडासात गेली. फरशी लख्ख आणि कोरडी. जेटच्या बारीक भोकांवर क्षाराचा पांढरा थर बसला होता. दाबला, तर ठिबकला फक्त. सफाईवाल्या गौरम्मा दारात उभ्या होत्या.

"मी सुईनं टोकरते रोज. दोन दिवसांनी परत तेच. बादलीला पाणी न्हाय, धुवायचं कशानं? बाया घोटभरच पाणी पित्यात आन घरी गेल्यावरच बसत्यात. पाळीच्या दिवसांत तर कामालाच येत न्हाईत काही जणी."

"कुणाला सांगितलं का नाही, गौरम्मा?"

"कुणाला सांगायचं? समदे बाप्ये."

तीन वाजले होते. शिलाई विभागात प्रत्येक मशीनशेजारी बाटली, आणि बहुतेक बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या. खिडकीकडच्या मशीनवर रेश्मा टॉवेलच्या कडा दुमडत होती. दिवस भरत आलेलं पोट, ओठांवर सालपटं. चंद्रिका शेजारी स्टूल ओढून बसली.

"आज कितीदा गेलीस?"

"अगंबाई! म्याडम, हे काय इचारणं?" शेजारणी खिदळल्या. "लिहून घ्यायला आलाय व्हय?"

"व्हय, लिहूनच घ्यायला आलेय. सांग की."

रेश्माचं हसू ओसरलं. "घरनं निघताना. आता घरी गेल्यावरच." मग आवाज खाली आणून म्हणाली, "जळजळतंय लई. संध्याकाळी थंडी भरून येती. घरचे म्हणत्यात, उन्हाचं हाय."

सातव्या महिन्यात चंद्रिकालाही हेच झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला झाडलं होतं, की पाणी न पिण्याचा हट्ट केलास तर संसर्ग वाढून कळा वेळेआधी येतील. तिच्या घरी निदान बादली होती, बादलीत पाणी होतं. इथली तोटी तिनंच फुली मारून काढली होती.

ती महेश्वरकडे गेली. त्याला राग आला नाही. तो ओशाळला.

"मी कुणाला अडवलं न्हाय हो. पर असलं मला कोण सांगणार?" रेश्माला लगेच दवाखान्यात पाठवायला त्यानं रिक्षा मागवली. मग डोकं खाजवत विचारलं, "तोटी बसवली तर टक्के किती?"

"सत्तावीस. गुण जातील."

"मालकांना काय सांगू?"

"चंद्रिका चुकली म्हणून सांगा."

दोन दिवसांत धोंडप्पानं तोट्या बसवल्या. प्रत्येक तोटीखाली बादली भरून बघितली. रेश्मा औषधं घेऊन सोमवारी परत आली. "बरी हाय," म्हणाली. डोळे मात्र तापलेलेच वाटत होते.

चंद्रिकाचं तिथलं काम संपलं. पुढचं काम टेंभुर्णीला. फाइल पाठवण्याआधी तिनं सत्तावीसचा तक्ता जोडला, जुना फाडला, आणि प्रमाणपत्राच्या तपासनिसासाठी असलेल्या शेऱ्याच्या रकान्यात, जिथं एरवी कुणी काही लिहीत नाही, तिथं लिहिलं:

"हे वाचणाऱ्यास विनंती. नळ मोजायला याल, तेव्हा आधी शिलाई विभागात जा. तुम्ही पुरुष असाल तर सफाईच्या गौरम्मांना सोबत घ्या. खिडकीकडच्या मशीनवर रेश्मा बसते, तिला बाजूला बोलावून विचारा, ताप येतो का, लघवीला जळजळ होते का. ती बरी आहे म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. आणि जागेवर दिसली नाही, तर तिच्या घरी कुणाला तरी पाठवा."