कॅसेटमधली मोकळी जागा

मित्रांनो, मी एक जुना पितळी सॅक्सोफोन आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. वरातीत छाती फुगवून गायलो खरा, पण मोडीच्या दुकानाचं नाव निघालं की माझ्या सगळ्या चाव्या गार पडतात. तिथे जुनं पितळ वितळवतात.

माझा जन्म दूरदेशी झाला. बोटीतून मुंबईला आलो आणि जोगेश्वरीच्या सहदेव मास्तरांच्या ओठाला लागलो. मास्तर बँडमध्ये होते. घाटकोपरपासून बोरीवलीपर्यंत किती वराती आम्ही नाचवल्या! पण मास्तरांचा जीव कीर्तनात. गावी, कोकणात, लहानपणी ते बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहत. वाजवून घरी आले की मला पुसत आणि हळूच एखाद्या अभंगाची चाल धरत. देवाचं नाव घेताना पितळसुद्धा मऊ होतं, मित्रांनो. मी ते अनुभवलं आहे.

मग मास्तरांना दम्याने गाठलं. डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली. आठ वर्षं मी खाटेखाली पेटीत होतो. माझ्या चामडी गाद्यांना बुरशी धरली. पेटीजवळ पावलं वाजली की वाटे, आले मोडीत न्यायला.

१९८४ साली घाटकोपरचे कॅसेटवाले कुंडलिकराव घरी आले. "मास्तर, सॅक्सोफोनवर अभंग! झकास चालेल."

मास्तरांचे डोळे चमकले. त्यांच्या पत्नी वनमालाबाई मात्र भडकल्या. "तुमका दम लागता, आणि परत ह्या फुकूक बसतलात?" खूप विनवण्या झाल्या. शेवटी त्यांनी अट घातली. "एकच कॅसेट. ती नाय चालली तर ह्या मोडीत घालतंय. घरात रवला तर तुम्ही फुकतच रवतलात."

माझ्या गाद्या बदलल्या आणि अंधेरीला ध्वनिमुद्रण झालं. मास्तरांनी साथीला कोणी घेतलं नाही. ते एक ओळ वाजवत आणि थांबत. कीर्तनात बुवांनी ओळ म्हटली की मागचे टाळकरी आणि बसलेले लोक ती उचलतात ना, तेवढा वेळ थांबत. मग पुढची ओळ. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "मास्तर, इथे भरा की काहीतरी." मास्तर म्हणाले, "ती जागा माझी नाही."

मास्तरांच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती.

पंधरा दिवसांनी कुंडलिकराव पिशवीभर कॅसेटी घेऊन दारात उभे. "वाट लागली, मास्तर! दुकानदार सगळा माल परत पाठवतायत. म्हणे, मधेमधे आवाजच जातो."

"आवाज जात नाही. मी थांबलोय."

"मला वाटलं, तुम्ही दम खाताय! कशासाठी थांबलात?"

"लोकांसाठी."

"अहो, टेपमध्ये लोक कुठायत?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी स्वतःच्या हाताने माझ्या पेटीची कडी लावली. वनमालाबाईंनी पेटी उचलली. अंधारात मी पावलं मोजत होतो. आता वळण. आता बाजार. आता भट्टी.

वाटेत राममंदिर लागलं. रामनवमी होती. शिवदासबुवांचं कीर्तन सुरू व्हायचं होतं, आणि मंडपात लोक जमेपर्यंत बुवांनी भोंग्यावर मास्तरांची कॅसेट लावायला सांगितली होती. वनमालाबाई हात जोडायला थांबल्या. भोंग्यातून माझा आवाज आला. एक ओळ झाली आणि सगळं गप्प.

"टेप अडकली काय रे?" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. मला वाटलं, संपलं.

दुसरी ओळ झाली. पुन्हा गप्प. आणि माझ्या अगदी वर, एका बारीक, चिरक्या आवाजात कोणीतरी ती ओळ म्हटली. त्या वनमालाबाई होत्या. इतक्या वर्षांत त्यांचं गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या ओळीला शेजारच्या बायका आल्या. चौथीला अख्खा मंडप टाळ्या धरून म्हणू लागला.

टेप बंद करायला गेलेल्या माणसाला बुवांनी थोपवलं. "राहू दे! आजचा पूर्वरंग हाच."

पुढे कुंडलिकरावांनी त्याच परत आलेल्या कॅसेटींवर चिठ्ठी डकवली, 'वाद्य थांबल्यावर आपण म्हणावे', आणि आठवड्यात पिशवी रिकामी झाली. पण ते नंतर. त्या दिवशी वनमालाबाई मोडीच्या दुकानाकडे न जाता घरी वळल्या. पेटी त्यांनी मास्तरांच्या मांडीवर ठेवली. "बसान वाजवा. दम लागलो तर थांबा. फुडचा मी म्हणतंय."

मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. मास्तरांचा श्वास तोकडा होत चालला आहे. प्रत्येक ओळीनंतर मी घाबरून वाट पाहतो, पुढची फुंकर येईल ना? म्हणून तुम्हाला हात जोडून विनवतो. तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य, एखादं म्हातारं माणूस मधेच थांबलं, तर ते बिघडलं असं म्हणून मोडीत काढू नका. जवळ बसा. आणि पुढची ओळ तुम्ही म्हणा.