माझी तोंडं कोणी बुजवली?

मी एक जुनी भिंत आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर चिडलेली आहे. म्हाताऱ्यांनी आपली कहाणी शांतपणे सांगावी असा रिवाज आहे. तो आज माझ्याच्याने पाळला जाणार नाही.

टेकडीवरच्या किल्ल्याची पूर्वेची बाजू म्हणजे मी. ज्या गवंड्याने मला बांधलं तोही तापटच होता. चुना नीट मळला नाही तर थापी भिरकावून द्यायचा. माझ्या पाठीशी त्याने मातीचा भराव घातला आणि माझ्या अंगात ठिकठिकाणी भोकं ठेवली. चुना चाळणाऱ्या त्याच्या बायकोने विचारलं, "एवढी देखणी भिंत, आणि तिला भोकं कशाला?"

"पावसात मागची माती पाणी पिणार. ते बाहेर पडायला नको? तू रागावलीस आणि मी तुझं तोंड दाबलं, तर काय होईल?"

"दाबून तर बघा," ती म्हणाली.

तोसुद्धा हसला. तेव्हापासून ती भोकं म्हणजे माझी तोंडं.

पुढे मी वेढे सोसले, आग सोसली. राजे आले आणि गेले. मग किल्ला ओस पडला. लोकांनी बुरुजाचे दगड गोठ्यांसाठी नेले, माझ्या अंगावर बदाम काढून त्यात जोडीने नावं कोरली. जोड्या केव्हाच तुटल्या, नावं मात्र मी वागवते आहे. तरी मी उभी राहिले, कारण पावसाळ्यात माझी तोंडं मोकळी वाहत होती.

शेवटी माझ्यावर प्रेम करणारे आले आणि तिथे माझा घात झाला. दुरुस्तीचे मोठे साहेब लांब उभे राहून माझ्याकडे बघत होते. प्रत्येक भोकाखाली शेवाळाचा काळा ओघळ होता.

"फोटोत भिंत रडल्यासारखी दिसते," ते म्हणाले. "बुजवून टाका सगळं."

कामगारांनी माझ्या सांध्यांत आणि तोंडांत सिमेंट कोंबलं. फीत कापली गेली, टाळ्या पडल्या. "अगदी नवीन वाटते!" म्हणे. शेकडो पावसाळे काढलेल्या बाईला हे कौतुक! वर फलक लावला: भिंतीला हात लावू नये.

माझ्या पायथ्याशी, मला टेकूनच, चौकीदाराची खोली आहे. तो, त्याची बायको आणि त्यांची तान्ही मुलगी तिथे राहतात. पाऊस पडला की बायको माझ्या खालच्या तोंडाशी बादली लावायची आणि त्या पाण्यात दुपटी धुवायची. त्या वर्षी पाऊस धो धो पडला आणि बादलीत थेंबही आला नाही.

"अहो, पाणी गेलं कुठे?" तिने विचारलं.

"गळती थांबली! दुरुस्ती झाली ना," चौकीदार ऐटीत म्हणाला, जणू यानेच केली होती.

माझ्या पाठीत तुंबलं होतं ते, शहाण्या! पण सांगू कशी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मागची माती फुगत होती, माझं पोट पुढे येत होतं, आणि मी पडले तर कोणाच्या पाळण्यावर पडणार हे मला ठाऊक होतं. ज्यांच्यासाठी मला बांधलं, त्यांच्याच जिवावर मला उठवलं होतं. या गोष्टीची मला अजून चीड येते.

एका दुपारी मला टेकलेलं त्यांचं कपाट पुढे कललं. बायकोने मागे ढकललं, जाईना. तिने मागे हात घातला आणि तिला माझा फुगवटा लागला. तिने मुलीला उचलून लांब झाडाखाली ठेवलं आणि पहार घेऊन आली.

"अगं, फलक वाचला नाहीस का? माझी नोकरी जाईल!"

"नोकरी जाऊ दे. पोरगी राहील ना?"

तिने माझ्या खालच्या बुजवलेल्या तोंडावर घाव घातला. नुसती ठिणगी उडाली. तेवढ्यात चौकीदाराची नजर माझ्या पोटावर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. "सरक," म्हणत त्याने तिच्या हातातून पहार घेतली. सिमेंटचा बोळा फुटला आणि गढूळ पाण्याच्या लोंढ्याने तो चिखलात उताणा पडला. बायको आधी हसली, मग रडली. हात पोचला तेवढी सगळी तोंडं त्यांनी मोकळी केली.

पाऊस उघडल्यावर साहेब आले. "पाहुणे येणार आहेत. ही भोकं आजच बुजवा."

साहेबांसमोर कधी मान वर न करणारा चौकीदार घरातून खुर्ची घेऊन आला. ती त्याने माझ्या फुगलेल्या पोटाखाली मांडली.

"बुजवा की, साहेब. पण काम होईपर्यंत तुम्ही इथे बसा. आम्ही पोरीला घेऊन त्या झाडाखाली थांबतो."

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा खुर्चीकडे पाहिलं. बसले नाहीत.

माझं पोट आता मागे जायचं नाही आणि सांध्यांतलं सिमेंट दगडाला कुरतडतंच आहे. चौकीदाराने बिऱ्हाड झाडापलीकडे हलवलं, खुर्ची मात्र तिथेच ठेवली. मित्रांनो, किल्ल्यावर आलात तर आधी माझं पाणी वाहतंय का ते बघा, कौतुक नंतर करा. आणि माझी तोंडं बुजवायला कोणी आलंच, तर भांडत बसू नका. त्याला ती खुर्ची दाखवा.