क्लॅपची पाटी आणि होसकोट्याची अक्का

मित्रांनो, मी एक जुनी क्लॅपची पाटी आहे. शूटिंगच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टक्कन मिटतात ना, तीच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यात लाकडी खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात, उरलेल्या फळीतून माझा जन्म झाला. घराणं काही मोठं नाही. सिनेमात जाईन असं वाटलं होतं, पण गेले हेब्बाळजवळच्या एका विद्यापीठात.

तिथे चंदना मॅडम वरच्या वर्गातल्या मुलांना एक अवघड विषय शिकवतात. चित्र आणि आवाज दूरवर एकत्र पोचवणारी यंत्रणा कशी उभारायची, हा तो विषय. माझी पट्टी मिटताना दिसते त्याच क्षणी टक ऐकू आलं, तर यंत्रणा बरोबर. आवाज मागे राहिला, तर मुलं पुन्हा कामाला. कित्येक वर्षं माझ्यावर त्यांचे गुण ठरत. मला त्याचा तोरा होता, आणि का नसावा?

मग ही तपासणी करणारं सॉफ्टवेअर आलं आणि माझी रवानगी कपाटावर झाली. धूळ बसली, स्क्रू सैल झाला. कुणी मुद्दाम छळलं नाही, पण कुणी आठवणही काढली नाही.

यंदा कस्तुरीनं मला खाली काढलं. ती इथल्याच जुन्या मराठी घरातली, तर प्रकल्पातला तिचा जोडीदार राजस पुण्याहून आलेला. दोघांनी व्हिडिओ कॉलची यंत्रणा बांधली होती. कस्तुरीला ती हवी होती थोरल्या बहिणीसाठी. दिव्यश्रीअक्का लग्न होऊन होसकोट्याला गेलेली. तिला फार कमी ऐकू येतं, ओठ बघून ती बोलणं समजून घेते. कॉलवर काही कळलं नाही की ती हसून "सरी, सरी" म्हणते, म्हणजे कन्नडमध्ये "बरं, बरं". मागे एकदा "रविवारी येते" असं कॉलवर सांगून, तिचं "सरी" ऐकून कस्तुरी गेली, तर दाराला कुलूप.

चाचणीत मी टक्कन मिटले. चित्र आणि आवाज अगदी बरोबर जुळले. "परफेक्ट!" राजस म्हणाला. मग होसकोट्याला कॉल लावला. तिथलं नेट मंद. कस्तुरीचा आवाज स्वच्छ जात होता, पण पलीकडच्या पडद्यावर तिचं तोंड अर्धवट उघडं तसंच थिजलं होतं.

"सरी, सरी," अक्का हसून म्हणाली.

कस्तुरीचा चेहरा पडला.

"नेट स्लो झालं की आधी व्हिडिओच सोडून द्यायचा असतो," राजस म्हणाला. "सगळे तेच करतात."

"सगळ्यांना ऐकू येतं रे! अक्काला माझे ओठ दिसायला हवेत."

मग दोघांनी नियमच उलटा केला. नेट मंदावलं की आधी मागची भिंत पुसट होईल, मग आवाज खरखरेल, पण ओठ हलत राहतील.

परीक्षेच्या दिवशी पुन्हा होसकोट्याला कॉल लावला, तेव्हा माझा आवाज अगदीच फुटका गेला. मला वाईट वाटलं. अक्कानं मात्र पट्टी मिटताना पाहिली आणि मान हलवली. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. कस्तुरीनं विचारलं, "अक्का, रविवारी येऊ?"

अक्का तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रविवारी नको गं, आम्ही गावाला चाललोय. शनिवारी ये."

"नको" ऐकून आनंदानं रडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

मित्रांनो, सवड मिळाली तर माझा स्क्रू तेवढा आवळा. पण त्याआधी, पलीकडचं माणूस "सरी" म्हणालं, तर त्याला खरंच कळलं का ते बघा.